सुरतेचा बिनदुधाचा चहा

चहाविषयी आपण कधी काही लिहू असे आम्हांस वाटले नव्हते. आमच्या घरी चहा म्हणजे दूध, साखर आणि परसातल्या गवती चहाची दोन पाती. धर्मगुरू झाल्यावर ज्या ज्या धर्मग्रामांत राहिलो तेथील माताभगिनींनीही हाच चहा आम्हांस पाजला. घरभेटींच्या दिवसांत एकाच सकाळी नऊ कप झाल्याचे आम्हांस स्मरते. नको म्हटले तर घर रुसते, घेतला तर पोट रुसते. असो. परंतु गेल्या जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतरच्या आठवड्यात, सुरतेस एका घरी जो चहा आम्ही घेतला तो अगदी निराळा होता, आणि तो आम्ही एकट्याने घेतला नाही. ज्यांच्यासोबत घेतला त्यांची परवानगी मागूनच हे लिहीत आहोत. नाव मात्र लिहू नका, असे त्यांचे म्हणणे आहे. तेव्हा त्यांना आपण मास्तर म्हणू.

मास्तर आमच्या धर्मग्रामातले निवृत्त शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षे नोकरी झाली, आणि त्यांतली बहुतेक चौथीच्या वर्गावर, म्हणजे शिवचरित्र शिकवण्यात गेली. वय सत्तरीच्या पुढे, पण आवाज अजून वर्गातला. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पत्नी देवाघरी गेल्या, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी डॉक्टरांनी मधुमेहाचे निदान करून साखर बंद केली. 'ती गेली, मागोमाग साखरही गेली,' असे ते हसत हसत सांगतात, आणि मग बराच वेळ बोलत नाहीत.

त्यांचा एकुलता मुलगा सुरतेस पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात नोकरीस आहे. पाच वर्षांपूर्वी त्याने तेथीलच एका गुजराती मुलीशी लग्न केले. मुलगी आपल्या धर्माची नव्हे. लग्न कचेरीत नोंदवले गेले, देवळात झाले नाही. मास्तर लग्नास गेले नाहीत, पत्नीसही जाऊ दिले नाही, आणि 'त्या घरचं पाणीसुद्धा मी पिणार नाही' असे चारचौघांत बोलून बसले. खेड्यात चारचौघांत बोललेला शब्द मागे घेणे किती जड जाते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

या गोष्टीत आमचाही वाटा आहे, आणि तो येथे सांगितला नाही तर पुढचे सांगण्यात अर्थ नाही. लग्नाच्या आठ दिवस आधी मास्तर आणि त्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या होत्या. आम्ही या धर्मग्रामात तेव्हा नवे होतो. जावे की न जावे, असे मास्तरांनी विचारले. आम्ही त्यांस विवाहासंबंधी चर्चचा नियम समजावून सांगितला. पाऊण तास सांगितला. जे सांगितले ते खोटे नव्हते, परंतु त्या माउलीने त्या पाऊण तासात एकदाही मान वर केली नाही. उठताना मात्र तिने एवढेच विचारले, 'फादर, म्हणजे मी त्याला काही पाठवायचंसुद्धा नाही का?' आम्ही काय उत्तर दिले ते आम्हांस आठवत नाही. बहुधा दिलेच नसावे. तिच्या दफनविधीच्या दिवशी मुलगा आला, सून देवळात अगदी मागच्या बाकावर बसली, आणि कबरस्तानातूनच दोघे परस्पर स्टेशनाकडे गेली. त्या दिवशी तो अनुत्तरित प्रश्न आम्हांस आठवला, आणि नंतरही पुष्कळदा आठवला.

नाताळच्या भेटीस आम्ही मास्तरांकडे गेलो असता ते एकाएकी म्हणाले, 'फादर, सुरतेला जाऊन यावं म्हणतो. तुम्ही येत असाल तर.' आम्ही होकार देताच त्यांनी घाईने पुस्ती जोडली, 'पण मी तिथं खाणारपिणार काही नाही हां. बोललेलो आहे मी.'

सकाळच्या गाडीने निघालो. पालघर, डहाणू मागे पडले, उंबरगावास गुजरात लागले, तरी मास्तर खिडकीबाहेरच पाहत होते. वापीस चहावाला डब्यात आला. मास्तरांनी सवयीने हात पुढे केला आणि मग मागे घेतला. आम्ही म्हटले, 'मास्तर, बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहाही असतो. हल्ली पुष्कळ लोक घेतात.' त्यावर ते उसळले. 'तो चहा नव्हे, फादर. ते पाणी. आपला चहा तो नव्हे.'

मास्तर बोलते झाले एवढ्यानेच आम्हांस बरे वाटले, म्हणून विषय धरून ठेवला. सेमिनरीत असताना जुन्या प्रवासवर्णनांचे आम्हांस वेड होते, आणि त्यांत सुरतेवरचे एक पुस्तक आमच्या विशेष आवडीचे होते. जॉन ओव्हिंग्टन नावाचे एक इंग्रज पाद्री, आपल्या पंथाचे नव्हत, अँग्लिकन, १६८९ साली जहाजावरचे धर्मोपदेशक म्हणून इंग्लंडहून निघाले आणि पुढच्या वर्षी मुंबईस उतरले. मुंबईची हवा त्या काळी इतकी घातक होती की त्यांच्याबरोबर आलेल्या उतारूंपैकी बहुतेक पावसाळा संपण्याच्या आत दगावले. ओव्हिंग्टन पुढे सुरतेस आले आणि तेथील इंग्रजांच्या वखारीचे धर्मगुरू म्हणून राहिले. परत गेल्यावर १६९६ मध्ये त्यांनी या प्रवासाचे पुस्तक छापले, आणि १६९९ मध्ये तर निव्वळ चहावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. धर्मगुरूने चहावर लिहिणे अगदीच जगावेगळे नाही, एवढा आधार आम्हांस त्यातून मिळतो.

तर हे ओव्हिंग्टन सांगतात की सुरतेचे वाणी मद्यास शिवत नसत, चहा व कॉफी मात्र दिवसातून केव्हाही मोकळ्या मनाने घेत. डचांच्या वखारीत तर आल्यागेल्याचे आतिथ्य चहानेच होई, आणि चहाचे भांडे विस्तवावरून क्वचितच खाली उतरे. चहा अर्थात चीनमधून येई. त्याच्या तीन जाती त्यांनी नोंदल्या आहेत, बिंग, सिंग्लो आणि बोही. यांतल्या पहिल्या दोन हिरव्या चहाच्या. हिंदुस्थानात तो घेत कसा? कोणी खडीसाखर घालून घेत. जे अधिक चोखंदळ असत ते त्यात मुरवलेली लहान लिंबे घालत. गरम मसाला टाकून उकळलेला चहा डोकेदुखीवर, मूतखड्यावर आणि पोटातल्या कळांवर गुणकारी समजला जाई. दुधाचे नाव या यादीत नाही.

'आणि आपला चहा?' मास्तरांनी विचारले.

आपला चहा, आम्ही म्हटले, फार अलीकडचा. आसामचा चहा लंडनच्या बाजारात लिलावास प्रथम गेला तो १८३९ साली, आणि पुढे कितीतरी वर्षे मळेवाल्यांचे सारे लक्ष विलायतेकडेच होते. १९०३ मध्ये चहावर एक कर बसवण्यात आला, तो चहाच्या जाहिरातीसाठी. आणि १९३० नंतरच्या मंदीत परदेशी उठाव घटला तेव्हा हा माल येथेच खपवावा म्हणून स्टेशनांवर, बाजारांत, गिरण्यांत चहा करून दाखवण्याची धूम उडाली. दूध-साखरेचा चहा आपल्या खेड्यांत घट्ट बसला तो त्यानंतर. 'तुमच्या आजी सकाळी काय घेत?' असे आम्ही मास्तरांस विचारले. ते क्षणभर थांबून म्हणाले, 'पेज.' मग पुन्हा थांबून म्हणाले, 'आणि मिठातलं लिंबू.' त्या वेळी त्या लिंबाकडे आमचे लक्ष गेले नाही.

मास्तरांचे मन मात्र भलतीकडेच धावत होते. 'म्हणजे फादर, महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इथं चहा होता?' चौतीस वर्षे जो धडा शिकवला त्यात चहा कोठेच नव्हता, याचे त्यांस नवल वाटत असावे. आम्ही सांगितले, असला पाहिजे. महाराज सुरतेवर आले ते १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये. त्याच्याही आधी, १६३८ साली, मँडेल्सलो नावाचा एक जर्मन तरुण सुरतेस येऊन गेला होता, आणि तेथील रोजच्या बैठकींत चहा दिला जाई असे त्याने लिहून ठेवले आहे. मग १६६४ ची आणखी एक हकिगत आम्ही त्यांस सांगितली. त्या धामधुमीत फादर अँब्रोज नावाच्या कापुचिन मिशनऱ्यांच्या घरास महाराजांनी धक्का लावू दिला नाही, हे फिरंगी पाद्री सज्जन आहेत असे ते म्हणाले, ही गोष्ट बर्नियर या फ्रेंच प्रवाशाने नोंदली आहे. मास्तर ताठ बसले. 'हे मला ठाऊक असतं तर दरवर्षी सांगितलं असतं,' असे म्हणून त्यांनी खिशातून वही काढून सनासह टिपून घेतले. कोणास सांगणार आहेत ते आम्ही विचारले नाही.

सुरतेस उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मुलगा पाचला कामावरून येणार होता, सून घरी होती. आम्ही रिक्षा करू लागताच मास्तर म्हणाले, 'तुमच्या त्या पाद्रीबाबाच्या वेळचं काही शिल्लक आहे का पाहायला?' आजवर जुन्या थडग्यांची आवड त्यांनी कधी दाखवली नव्हती. त्यांना वेळ काढावयाचा होता, आणि आम्हांसही घाई करण्याचे धैर्य नव्हते.

म्हणून कतारगाम दरवाज्याकडे गेलो. इंग्रजांची व डचांची जुनी कबरस्ताने त्या भागात आहेत. थडगी कसली, घुमटांची लहान लहान मंदिरेच ती. डचांच्या आवारातले सर्वांत भव्य थडगे हेंड्रिक व्हान रीड यांचे. हे गृहस्थ डिसेंबर १६९१ मध्ये समुद्रावर वारले आणि पुढील महिन्यात सुरतेस पुरले गेले. ओव्हिंग्टन तेव्हा याच शहरात होते. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ या व्हान रीडनी सिद्ध करविला. आरंभीच्या कामात त्यांना फादर मॅथ्यू या कार्मेलाइट धर्मगुरूंचे साहाय्य झाले. १६७८ च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघा कोकणी वैद्यांची साक्ष आपल्या नागरी लिपीत छापलेली आहे. परक्याच्या लॅटिन ग्रंथात आपली अक्षरे! मास्तरांनी थडग्यास दोन प्रदक्षिणा घातल्या, पाटीवरचे शब्द न् शब्द वाचले आणि घड्याळ पाहिले. तीनच वाजले होते.

बाहेर एका टपरीवर उभे राहिलो. मास्तरांस हिरव्या चहाची आधी ओळख करून द्यावी असा आमचा मनातला डाव होता, म्हणून आम्हांस येत होते तेवढ्या गुजरातीत आम्ही 'लीली चा' मागितला. लीला म्हणजे हिरवा, एवढे आम्हांस ठाऊक होते. टपरीवाल्याने मान डोलावली, गवती चहाची मूठभर पाती हाताने तोडून उकळत्या दुधात टाकली, वर मनसोक्त साखर घातली. गुजरातेत लीली चा म्हणजे आपला गवती चहाच, हे आमच्या पुस्तकी ज्ञानात नव्हते. मास्तरांनी पेला दोन्ही हातांनी धरला, आमच्याकडे पाहिले आणि डोळे मिटून पिऊन टाकला. आम्ही तेवढा वेळ रस्त्यावरच्या रहदारीकडे पाहत राहिलो. डॉक्टरांच्या वाचनात हा लेख आल्यास त्यांनी तो दोष आमच्या पदरी घालावा.

घर उधन्यास, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या. एका भिंतीलगत साड्यांचे गठ्ठे, शिलाईचे यंत्र आणि जरीच्या किनारीची रिळे. बाजारातल्या साड्यांना किनार लावून देण्याचे काम सूनबाई घरी करते. तिने डोक्यावर पदर घेऊन मास्तरांस वाकून नमस्कार केला. ते 'असू दे, असू दे' म्हणाले आणि दाराजवळच्याच खुर्चीवर बसले, जशी माणसे दवाखान्यात बसतात तसे. पाण्याचे तांब्या-पेले आले. आम्ही प्यालो. मास्तर म्हणाले, 'आत्ताच चहा झाला.' ते खोटेही नव्हते.

मुलगा कामावरून आला, बापासमोर उभा राहिला, बसला. कारखान्याची दोन वाक्ये झाली, गाडीच्या गर्दीची दोन झाली. मग काहीच होईना. शेजारच्या घरातले यंत्र तेवढे खडखडत होते.

तेव्हा सूनबाई म्हणाली, 'फादर, ग्रीन टी करते. पप्पांना साखर नाही चालत ना.' तिचे मराठी शेजारच्या खानदेशी बायांकडून उचललेले, त्यामुळे आमच्या वसईकर कानांस मजेदार वाटणारे, परंतु स्वच्छ. आम्ही चमकलो. मास्तरांचा आजार या घरी कोणी कळवला होता? तिने फळीवरून एक कोरी डबी काढली. डबीवर पिवळ्या लिंबाचे चित्र होते. तिचे पारदर्शक वेष्टन आमच्या देखत फाडले गेले. ती डबी या घरात कोणी पीत नव्हते. ती मास्तरांसाठी आणून ठेवलेली होती. किती दिवसांपासून, कोण जाणे.

चहा करण्याची तिची रीत आम्ही उंबऱ्याजवळ उभे राहून पाहिली. पाणी उकळले, गॅस बंद केला, आणि ती तशीच थांबली. दोनतीन मिनिटे गेल्यावर पाणी कपांत ओतून चहाच्या पुड्या सोडल्या. उकळते पाणी टाकले तर कडू होतो, असे तिने सांगितले. हे खरे आहे. काळा चहा आणि हिरवा चहा एकाच झुडपाचा. पाने चुरडून हवेवर ठेवली की ती काळवंडतात, तो आपला नेहमीचा चहा. तोडल्याबरोबर वाफेवर वा कढईत तापवली की हिरवीच राहतात. मात्र अशी पाने कडकडीत पाण्याने चटकन कडवट होतात, आणि दूध घातले तर चव पार बुडते. या चहाने मधुमेह बरा होतो असे कोणी सांगितल्यास मात्र विश्वास ठेवू नये. साखर पोटात जात नाही, एवढाच त्याचा खात्रीचा गुण.

कप पुढे आला. गव्हाच्या कोवळ्या काडीसारखा फिकट रंग, तळ स्वच्छ दिसत होता. तोंडाशी नेताच लिंबाचा असा भपकारा आला की आम्हांस भांडी घासण्याचा साबण आठवला. घोट घेतला, तर जिभेवर लिंबाचा पत्ता नाही. वास होता, फळ नव्हते. मागाहून थोडी तुरट, गवतासारखी चव आली. ती चहाची, आणि ती वाईट नव्हती. 'छान,' असे आम्ही म्हटले. परंतु प्रवचनाच्या वेळी जे तोंड आमच्या कह्यात असते ते चहाच्या वेळी राहत नाही. सूनबाई पदराआड हसली. 'नाही आवडला ना, फादर? पाकिटातल्या लिंबात काही दम नसतो. थांबा.'

ती आत गेली आणि एका बशीत काळपट, मऊ, चकाकणारे काहीतरी घेऊन आली. सुरीने त्याची नखाएवढी फोड कापून तिने ताज्या कपात सोडली आणि चमच्याने दाबली. मिठात मुरलेले लिंबू होते ते, जुने, रस आटून खजुरासारखे झालेले. आम्ही घोट घेतला. काय सांगावे! प्रथम खारट, मग आंबट, मग सालीचा तो मुरलेला मंद कडूपणा, आणि या साऱ्याच्या खाली चहाचा तुरटपणा. चौघे जण एका सुरात गात असावेत तसे. मघाचा साबणाचा वास कुठल्या कुठे गेला. आमच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि आम्ही जवळजवळ ओरडलोच, 'मास्तर! ओव्हिंग्टनांचा चहा हाच! चीनचा हिरवा चहा आणि मुरवलेलं लिंबू! सूनबाई, ही तर तुमच्या सुरतेची तीनशे वर्षांपूर्वीची रीत.'

'सुरतेची कुठली?' ती सरळपणे म्हणाली. 'मीच घालते असं. आणि लिंबू तर मम्मींचं आहे.'

'कुणाच्या मम्मींचं?' मास्तरांनी विचारले.

मुलगा जमिनीकडे पाहत म्हणाला, 'आईचं.'

मग हळूहळू सारे बाहेर आले. लग्नानंतर दरवर्षी उन्हाळ्यात एकदा ही दोघे गाडीने विरारपर्यंत येत आणि आई त्यांना फलाटावर भेटत असे. तासभर बाकावर बसत, आणि पुढच्या गाडीने ही परत फिरत. आई घरून पिशवी आणी, सुके बोंबील मुलासाठी, सुकेळी दोघांसाठी, आणि मिठातली लिंबे सुनेसाठी, कारण पहिल्याच वर्षी तिने 'माझं पोट दुखतं' असे सांगितले होते. असे चार उन्हाळे झाले. शेवटची बरणी गेल्या उन्हाळ्यातली. पपांना गोड किती लागते, रात्री झोप किती लागते, हे सारे सुनेला त्या बाकावर कळले होते. मधुमेहाची बातमी मात्र मुलाला गावातल्या एका मित्राकडून मिळाली.

सूनबाईने बरणी आणून मास्तरांपुढे ठेवली. चिनी मातीची, खांद्यावर टवका उडालेली. तोंडाला लाल लुगड्याचा तुकडा बांधलेला होता. मास्तरांनी तो ओळखला हे आम्हांस दिसले. त्यांनी गाठ सोडली. दोरा गुंडाळून खिशात ठेवू लागले, मग भानावर येऊन तो बरणीजवळ ठेवला. आत वाकून पाहिले.

'किती राहिलीत?'

'अकरा,' सूनबाई म्हणाली. मोजून ठेवलेली होती.

बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले, 'मलाही दे.' तिने नवा कप केला. पाणी निवण्यासाठी ती पुन्हा दोनतीन मिनिटे थांबली, आणि तेवढा वेळ कोणीही बोलले नाही. कप हातात येताच मास्तरांनी जन्माच्या सवयीने चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि सूं करून ओढला. हिरवा चहा बशीतून पिताना आम्ही प्रथमच कोणास पाहिले. बशी रिकामी झाल्यावर ते म्हणाले, 'बरं आहे.' आणि थोड्या वेळाने, 'साखर असती तर आणखी बरं झालं असतं.' मुलगा हसला. त्याचे हसणे आईसारखे आहे, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

जेवण अर्थात झालेच. पोंकाचे दिवस होते. कोवळ्या ज्वारीचे हिरवे दाणे, शेव आणि लिंबू मास्तरांनी दोनदा मागून घेतले. त्या घरचे पाणीही प्यालेच असतील. आम्ही पाहत बसलो नाही.

परतीच्या गाडीत डबा रिकामा होता. नवसारी गेल्यावर मास्तर म्हणाले, 'दरवर्षी मे महिन्यात ती विरारला डोळे दाखवायला जायची, फादर. डोळ्यांच्या डॉक्टरकडे. चार वर्षं गेली.' मग खिडकीकडे वळून म्हणाले, 'चष्म्याचा नंबर काही कधी बदलला नाही. मला एकदाही शंका आली नाही.' त्यानंतर त्यांनी आम्हांस विचारले, 'तुम्हाला ठाऊक होतं?'

आम्हांस ठाऊक नव्हते. तसे आम्ही सांगितले. पाच वर्षांपूर्वी आमच्या समोरून उठताना तिने जे विचारले होते, त्याच्या उत्तरासाठी ती माउली थांबली नव्हती, हे मात्र आम्हांस त्या गाडीत समजले. आम्ही पाऊण तास बोललो होतो. तिने त्याच उन्हाळ्यात लिंबे मिठात घातली होती.

मार्चअखेर मास्तरांच्या परसातले लिंबाचे झाड लगडले. एके सकाळी मिस्सानंतर ते आमच्याकडे आले आणि विचारू लागले, लिंबांना मीठ किती घालतात. आम्हांस काय ठाऊक! शेजारणींस विचारा म्हटले, तर त्यांस संकोच वाटला. शेवटी आमच्याच ओट्यावर उभे राहून त्यांनी सुरतेस फोन लावला. पलीकडून काय सांगितले गेले ते ऐकू आले नाही, पण मास्तर वर्गात उत्तर तपासावे तसे प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणत होते. 'पुसून कोरडी करायची... बरं... चार चिरा, पण तुकडे नाही... मोजायचं नाही? मग कळणार कसं?... बरं, हाताला वाटेल तेवढं.' डॉक्टरांनी अजून मिठाचे नाव काढलेले नाही, ही देवाची कृपा.

बरणी सध्या त्यांच्या अंगणात उन्हाला आहे, आणि येताजाता ते ती हलवून पाहतात. येत्या मे महिन्यात सुरतेची मंडळी येणार आहेत, विरारपर्यंत नव्हे, घरापर्यंत. येताना हिरवा चहा आणावा, असे मास्तरांनी त्यांस कळवले आहे. लिंबाच्या वासाचा नको, साधा.